दुर्बिणीचा आयपीस घेताना

आज आमच्या गटाला तुमच्याशी दुर्बिणीबद्दल बोलायचंय. बचत गटाचं आणि दुर्बिणीचं काय नातं, असं काहीजणींच्या मनात येईल. आमच्या बैठकीतही एका काकूंनी विचारलंच, "त्या पैशात शेळ्यांचं औषध नाही का येणार?" नातं पैशाचंच आहे, म्हणून तर बोलायचं.

आमच्या गावच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने दुर्बीण भेट दिली होती. सातवी-आठवीच्या मुलींनी मोठ्या हौसेने मैदानात लावली. चंद्र दिसला, पण धुरकट. गुरू बघायला गेल्या तर नुसता थरथरणारा डाग, आणि तोही हाती लागेपर्यंत निसटायचा. दोन महिन्यांत दुर्बीण कपाटावर चढली. दुर्बीणच भंगार आहे असं मोठी माणसं म्हणाली, आणि मुली म्हणायला लागल्या की आपल्यालाच बघता येत नाही. आम्हाला ते दुसरं वाक्य जास्त लागलं.

गटातल्या एकीची लेक बी.एस्सी.ला आहे. ती सुट्टीत आली आणि तिने दुर्बीण खाली काढली. म्हणाली, आरसा चांगला आहे, दोष डोळा लावायच्या काचेत आहे. त्या काचेच्या नळीला आयपीस म्हणतात, पुस्तकात नेत्रिका. दुर्बिणीचा आरसा उजेड गोळा करून एक छोटं चित्र तयार करतो आणि आयपीस ते मोठं करून दाखवतो. आरसा कितीही चांगला असो, आयपीस वाईट असेल तर वाईटच दिसणार.

आता हिशोब. आमच्या दुर्बिणीच्या आरशाची रुंदी ७६ मिलिमीटर आणि नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आहे. दोन्ही आकडे नळीवरच्या पट्टीवर छापलेले असतात. प्रत्येक आयपीसवरही एक आकडा असतो. आमच्याकडे २०, १२.५ आणि ४ असे तीन होते. ७०० ला त्या आकड्याने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं. २० ने भागलं तर ३५ पट, १२.५ ने ५६ पट, ४ ने १७५ पट. सोबत तीन पट वाढवणारी एक प्लॅस्टिकची नळी होती, तिला बार्लो म्हणतात. १७५ गुणिले ३ म्हणजे ५२५, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात '५२५ पट' छापलेलं!

मुली काय करणार? सगळ्यात मोठा आकडा म्हणून ४ चा आयपीस आणि बार्लोच लावायच्या. पण उजेड तेवढाच असतो, बायांनो. पिठाचा गोळा तेवढाच असला तर भाकरी जितकी मोठी थापाल तितकी पातळ होणार आणि शेवटी फाटणार. साधारण हिशोब असा, की आरशाची रुंदी जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच पट वाढवण्यात अर्थ. आमच्या दुर्बिणीला ती मर्यादा दीडशेच्या आसपास, तीही हवा अगदी शांत असेल तेव्हा. म्हणजे ४ चा आयपीस एकटाच मर्यादेबाहेर जातो. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण वीसेक पटच मोठं दाखवत होती.

जुन्या आयपीसवर आकड्याआधी इंग्रजी 'एच' असेल तर ती हायगेन्सची रचना, साडेतीनशे वर्षांपूर्वीची, दोन काचांची. 'एस आर' असेल तर तीही दोन काचांचीच. त्यातून दिसणारं आकाश अरुंद असतं, कुलपाच्या भोकातून अंगण बघावं तसं. आणि ४ च्या आयपीसला डोळा इतका चिकटवावा लागतो की पापणी काचेला लागते. आमच्यातल्या कितीजणींचं काजळ त्या काचेवर उमटलं असेल, देव जाणे.

पैसे काढण्याआधी आम्ही एक फुकटची परीक्षा केली. ती तुम्हीही करून बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असतो. त्याच्या वरच्या नळीतला '१०' लिहिलेला आयपीस सहसा अलगद उचलून निघतो. तो २५ मिलिमीटरच्या आयपीससारखंच काम देतो. त्याची नळी साधारण २३ मिलिमीटर जाड, आणि दुर्बिणीचं तोंड सव्वा इंच, म्हणजे जवळजवळ ३२ मिलिमीटर. मधली फट आम्ही पुठ्ठ्याच्या पट्टीचे वेढे आणि चिकटपट्टी लावून भरली. ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट. त्या रात्री गुरूच्या शेजारी एका ओळीत ठिपके दिसले. चंद्र आहेत ते, असं मुलींनीच ओळखलं. शेळीवाल्या काकूंनी तीनदा वाकून पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकाचा आयपीस सकाळी आठवणीने सरांना परत द्या म्हणाल्या. पुढच्या बैठकीत दोन हजार रुपये मंजूर झाले.

दोन हजारात काय घ्यायचं? सुटकेसमध्ये बसवलेला पाच-सहा आयपीसचा संच मोहात पाडतो, पण त्यातले दोन वापरले जातात, बाकीचे पडून राहतात. आम्ही एकच घेतला, २५ मिलिमीटरचा प्लॉसल. हे नाव व्हिएन्नाच्या गेऑर्ग प्लॉसल यांचं. त्यांनी १८६० साली ही रचना केली. चार काचा, दोन-दोनच्या जोड्या. हायगेन्सपेक्षा आकाश बरंच रुंद दिसतं, आणि काचेपासून डोळा थोडा लांब ठेवता येतो. चष्मा असलेल्या आम्हा बायांना हे सोयीचं. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून दुर्बिणीची चकती फिरवली तरी स्पष्ट दिसतं. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा लावूनच बघा.

दुकानात किंवा फोनवर मागवताना आम्ही एवढंच विचारलं: नळी सव्वा इंचाची आहे ना, काच खरी आहे की प्लॅस्टिक, काचेवर कोटिंग आहे का, आणि आवडला नाही तर परत घेणार का. नळी आधी घरी पट्टीने मोजा, कारण काही लहान दुर्बिणींचं तोंड साडेचोवीस मिलिमीटरचं असतं, तिथे सव्वा इंची बसत नाही. कोटिंग ओळखायचं तर काच उजेडात तिरकी धरा, हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. झूम आयपीस स्वस्तातला घेऊ नये असं आमचं मत. महागड्या रुंद आयपीसचीही आम्हाला गरज नाही. ७०० ला ७६ ने भागलं तर नऊच्या वर येतं. अशा लांब दुर्बिणीला साधा आयपीसही चांगला चालतो. हा भागाकार पाचच्या आसपास आला, तर मात्र स्वस्त आयपीस कडेला चित्र फाकवतो.

पुढच्या वर्षी १० मिलिमीटरचा घेऊ, म्हणजे ७० पट. नंतर काचेचा, दोन पटींचा बार्लो. तो २५ ला लावला की ५६, १० ला लावला की १४०. दोन आयपीस आणि एक बार्लो, चार निरनिराळ्या पटी. ज्यांना घेण्याआधी डोळ्याने पारखायचंय, त्यांनी आकाशदर्शनाला जावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. हौशी मंडळी आपला आयपीस लावून बघू देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कामं थांबवून ऐका. स्वस्त दुर्बिणीच्या डबीत कधी कधी एक छोटी काळी काच येते, तिच्यावर इंग्रजीत 'सन' लिहिलेलं असतं. आयपीसला ती लावून सूर्य बघायचा नसतो. आरशाने गोळा केलेली उष्णता तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा कायमचा जातो. आमच्या डबीतली आम्ही फडक्यात गुंडाळून दगडाने फोडली आणि पुरून टाकली. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी देऊ नका.

आणि जपणूक. काच पदराने पुसायची नाही. आधी फुंकणीच्या रबरी फुग्याने धूळ उडवायची, पुसायचीच वेळ आली तर चष्म्याच्या मऊ कापडाने, हलक्या हाताने. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. आम्ही आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि नव्या चपलांच्या खोक्यात येणाऱ्या वाळवण दाण्यांच्या पुड्या त्यात टाकतो. तो डबा सध्या आठवीच्या मुलींकडे असतो, चावीसकट.

तुमच्या शाळेच्या कपाटावर दुर्बीण असेल तर नळीवरचे आणि आयपीसवरचे आकडे लिहून आपल्या केंद्रावर फोन करा. भागाकार आपण मिळून करू.