इथलं पाणी तुमच्या प्रयोगशाळेत जावं

संशोधक मित्रहो, प्रोसेस हाऊसचे चालक आणि शिरोळ-हातकणंगल्याहून आलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो,

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतं. प्रोसेस हाऊसमधल्या त्या कापडाच्या रंगाईचं पाणी पंचगंगेला धोका होऊन बसलं आहे, आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. काठच्या गावांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच शेतातल्या टाकाऊ मालापासून स्वस्त सक्रिय कार्बन करण्याचा विचार इथे बसून होतोय, याचा मला फार आनंद आहे.

चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचं क्षेत्रफळ 1,000 चौरस मीटरपर्यंत भरतं, म्हणजे जवळजवळ 10 गुंठे. रंगाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. पण आमचं पाणी अवघड आहे. पुष्कळ शोधनिबंधांत शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू मिसळून चाचणी केलेली असते. तो रेणू लहान आणि धनभारित. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मोठे, ऋणभारित. शिवाय सोबत मीठ आणि अल्कली. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमधली छिद्रं बहुतांशी अतिसूक्ष्म, तिथे या रंगांना शिरणं कठीण जातं. उसाच्या चिपाडाला फॉस्फरिक आम्ल लावून 400 ते 500 अंश सेल्सिअसला तापवलं, की थोडी मोठी छिद्रंही तयार होतात. मला या वाटेची जास्त आशा वाटते. विरघळलेलं मीठ मात्र कार्बनने निघत नाही. तसं आश्वासन कुणी कारखानदाराला देऊ नये.

‘स्वस्त’ म्हणताना सगळा हिशेब धरा. चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरला लागतं, ते फुकट नाही. उसाचं पाचट शेतात कुजलं तर जमिनीचंच भलं. जे फडात पेटवलं जातं, तेवढंच उचलावं. वाहतूक, आम्ल, कार्बन धुवायला लागणारं पाणी आणि रंग शोषून निकामी झालेल्या कार्बनची विल्हेवाट, हे सगळं मिळवून किलोचा भाव सांगा. तो परवडला तर इथला लहान प्रोसेसवालाही घेईल.

सभागृहाच्या दाराशी रंगाईच्या सांडपाण्याचे कॅन भरून ठेवले आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेने एक न्यावा, आपला कार्बन त्यात घालून पाहावा आणि येतील ते आकडे, निराशाजनक असले तरी, आम्हाला कळवावेत. जेवणानंतर प्रोसेस हाऊस पाहायला गाड्या निघतील.