ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं?



पत्रिकेत विषय छापलाय, ‘मूळपेशी : हृदयविकारावरचा चमत्कार’. ‘चमत्कार’ हा संयोजकांचा शब्द, माझा नव्हे. (हशा) हार्ट अटॅक म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. धमनी तुंबते, पुढचा स्नायू मरतो, तिथे व्रण उरतो. स्टेंटवाली मंडळी इथे पुष्कळ असतील. हात वर करायला लावत नाही. (हशा) मी एकच हट्ट घेऊन आलोय. नव्या उपचाराची बातमी वाचलीत की विचारा : ज्यांना तो दिला नाही, त्यांचं काय झालं?

२००१ साल. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला डॉ. श्ट्राउअर यांनी अटॅक आलेल्या रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी (ज्यांतून इतर पेशी घडतात त्या मूळपेशी त्यांतच असतात) काढून कॅथेटरने त्याच्या हृदयाच्या धमनीत सोडल्या. आशा ही, की त्या नवा स्नायू घडवतील. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात जाहीर केलं, की अशा पेशी टोचल्यावर उंदरांच्या हृदयातला मेलेला भाग नऊ दिवसांत दोन तृतीयांश नव्या स्नायूने भरला. नऊ दिवसांत! हे किती अचाट आहे ते कळायला आपल्याला अणुबॉम्बपाशी जावं लागेल. हसू नका, खरंच जातोय.

१९६३च्या करारापर्यंत महासत्ता उघड्या हवेत अणुचाचण्या करत होत्या. त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. तो झाडांत गेला, धान्यात गेला, तुमच्याआमच्या ताटात आला. पेशी जन्मते तेव्हा तिचा डीएनए त्या काळच्या कार्बनचा बनतो, आणि पुढे तो तसाच राहतो. चाचण्या थांबल्यावर हवेतलं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. म्हणजे पेशीचा कार्बन मोजला की तिचं जन्मसाल हाती! स्टॉकहोमच्या योनास फ्रीसेन यांच्या गटाने २००९ साली हृदयाच्या स्नायूपेशींची अशी जन्मपत्रिका मांडली. पंचविशीत वर्षाला १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. साऱ्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या हृदयातल्या निम्म्याहून अधिक पेशी त्यांच्या बारशाला हजर होत्या. (हशा, टाळ्या) आजोबा, रागावू नका, माझ्याही होत्याच.

तर अशा संथ अवयवात नऊ दिवसांत नवा स्नायू? २००४ साली ‘नेचर’नेच इतर प्रयोगशाळांचे दोन निबंध छापले : मज्जेच्या पेशी हृदयाचा स्नायू होतच नाहीत. पण तोवर माणसांवरच्या चाचण्या जोरात सुरू झाल्या होत्या.

फ्रँकफर्टच्या चाचणीत २०४ रुग्ण होते. मज्जा सर्वांची काढली. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांना पेशींविना नुसता द्रव. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. चार महिन्यांनी पेशीवाल्यांचा ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा; तुमच्या इकोच्या कागदावर असतो तोच) ५.५ अंकांनी वाढला. मला त्याहून मोलाचा वाटतो दुसरा आकडा. पेशी न मिळालेल्यांचाही ३ अंकांनी वाढला होता! तुंबलेली धमनी उघडली, औषधं चालू राहिली, हृदय आपलं आपण सावरलं. ते ३ वजा करायला कुणी नसतं, तर सगळं श्रेय पेशींनी नेलं असतं. आणि २००६ साली हा निबंध ज्या अंकात आला, त्याच अंकात नॉर्वेची चाचणी होती. तिथे फायदा शून्य.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. अणुबॉम्बने घात केला! (हशा) मग पळतच जातो. २०१४ साली लंडनच्या डॅरेल फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी अशा ४९ चाचण्यांचे निबंध जमाखर्च तपासावा तसे तपासले. जितक्या विसंगती जास्त, तितका फायदा मोठा. ज्यांत एकही विसंगती नाही, त्यांत फायदाही नाही. २०१८मध्ये हार्वर्डने अँव्हर्सांचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं कळवलं. कारण खोटी माहिती. युरोपातल्या एका चाचणीला, या पेशींनी मृत्यू घटतात का ते पाहायला, ३००० रुग्ण हवे होते, मिळाले ३७५. निकाल लागलाच नाही. आणि सिनसिनाटीच्या मोल्केंटिन यांनी उंदरांना मेलेल्या पेशी टोचल्या, तरी हृदय थोडं सुधारलं! टोचल्यामुळे येणारी सूज व्रणाची डागडुजी करते, असं त्यांचं म्हणणं.

मागून कुणीतरी म्हणतंय, “डॉक्टर, आशा तरी ठेवा!” अहो, ठेवलीय ना. ओसाकात पेशींना प्रयोगशाळेतच हृदयस्नायू बनवून त्यांचे पातळ पापुद्रे हृदयावर लावतायत. हा रस्ता मला पटतो. पण तिथेही मी तेच विचारणार.

शेवटचा प्रश्न घेतो. “मेहुण्यांना लाखांचं पॅकेज सांगितलंय, घ्यावं का?” आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार सोडले, तर मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरायच्या. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. मेहुण्यांना म्हणावं, चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. दिला, तर कागद घेऊन माझ्याकडे या. आणि गोळ्या बंद करू नका म्हणावं.

बरं, घंटा झाली. बाहेर टेबलावर कुणीतरी नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी साठवणाऱ्या बँकेची पत्रकं मांडलीत. ती माझी नव्हेत. (हशा)