विचारण्याची विद्या



इतिहास, संतवाङ्मय, शेती, सहकार या विषयांवरची भाषणे व्याख्यानमालेत ऐकण्याचा आपला प्रघात आहे. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने नवखा आहे. संगणकाच्या मुळाशी काम करणाऱ्या भाषा शिकू लागलेल्या मुलामुलींनी मदत कशी मागावी आणि इतरांनी ती कशी द्यावी, हा तो विषय होय. नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले, त्या कुरुंद्यात प्रश्न विचारण्याविषयी बोलावयाचे तर फार लांब प्रस्तावनेची गरज नसावी.

प्रथम या भाषा म्हणजे काय ते पाहू. आपल्या खिशातील मोबाइल हिशेब करतो, गाणी ऐकवितो, बाजारभाव दाखवितो. पण या सर्वांच्या खाली एक कारभारी बसलेला असतो. यंत्राच्या स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावयाची, कोणाचे काम आधी करावयाचे, हे तो ठरवितो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. असे कारभारी ज्या भाषांत लिहितात त्यांत सर्वांत प्रसिद्ध भाषा 'सी' ही होय. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही प्रणाली तीत नव्याने लिहिली गेली. अर्धे शतक उलटले तरी आपली मुले नांदेडला, हिंगोलीला शिकावयास गेली की बहुधा हीच भाषा त्यांच्यापुढे येते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावरून देशभरच्या विद्यार्थ्यांनी ती गिरविली आहे.

ही भाषा अवघड का वाटते? तिचे नियम फार नाहीत. अडचण अशी की ती शिकणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. समजा, दहा विद्यार्थ्यांचे गुण ठेवण्यासाठी आपण दहा कप्पे मागितले. सी भाषेत कप्प्यांची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे शेवटचा कप्पा नववा. नवशिका मुलगा सवयीने दहाव्या क्रमांकावर लिहितो. हे म्हणजे तिफण बांध ओलांडून शेजारच्या शेतात गेल्यासारखे आहे. पण सी भाषा त्याला अडवीलच असे नाही. कदाचित त्या दिवशी काम बिनबोभाट होते. दुसऱ्या दिवशी भलत्याच ठिकाणचे गुण बदललेले दिसतात, किंवा सारा कार्यक्रम मध्येच कोसळतो. चूक एकीकडे आणि तिचे फळ दुसरीकडे, असा हा प्रकार असल्यामुळे एकट्याने बसून ती सापडणे नवशिक्याला कठीण जाते.

या धोक्यावर उपाय म्हणून नवी भाषा निघाली, तिचे नाव 'रस्ट'. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये तिला आरंभ केला. पुढे मोझिला या संस्थेने तिला आश्रय दिला आणि २०१५ च्या मे महिन्यात तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. स्मृतीतील प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असावा, हा तिचा मूळ नियम. वस्तू उसनी देता येते, पण हिशेबाने. तलाठ्याच्या दप्तरातील नोंदवही एकाच वेळी दहा जणांनी पाहिली तर बिघडत नाही. मात्र कोणी तीत नोंद करीत असेल, तर त्या वेळी ती दुसऱ्या कोणाच्याही हाती असता कामा नये. हा नियम मोडला तर रस्टचा कंपायलर, म्हणजे आपला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणारा अनुवादक, काम पुढे जाऊच देत नाही. कोणत्या ओळीत काय चुकले ते तो सांगतो, पुष्कळदा दुरुस्तीही सुचवितो आणि चुकीचा क्रमांकही देतो. ई ०३८२ हा क्रमांक आला, की जी वस्तू आपण दुसऱ्याच्या नावे केली तीच पुन्हा वापरीत आहोत असे समजावे. सी भाषा गप्प राहते म्हणून मुलगा गोंधळतो, रस्ट फार बोलते म्हणून मुलगी घाबरते. दोघांनाही शेजारी जाणते माणूस हवे असते.

आणि नेमके येथेच आपले पाऊल अडखळते. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला पडद्यावरचा इंग्रजी इशारा वाचवत नाही. वर्गात विचारावे तर हसे होईल अशी भीती. "एवढेही येत नाही?" हे एक वाक्य ऐकून कित्येक जण कायमचे गप्प होतात, उत्तरे पाठ करून परीक्षा देतात आणि ही विद्या आपल्यासाठी नव्हेच अशी समजूत करून घेतात. बुद्धी असूनही केवळ संकोचाने एक वाट बंद होते. घरच्यांनी हळद विकून भरलेली फी त्यामागे असते, हे आपण विसरू नये.

विचारणे कमीपणाचे नाही याचा दाखला आपल्या हातातच आहे. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी सी भाषेत एक प्रणाली लिहीत होता. तिचे ठरीव नियम कोठे मिळतील, हे त्याने जुलै महिन्यात दूरदूरच्या अभ्यासकांना उघडपणे विचारले. ऑगस्टमध्ये आपले काम जाहीर करून तीत काय असावे, हेही विचारले. ती प्रणाली म्हणजे लिनक्स. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी तीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यात रस्टलाही जागा मिळाली.

मात्र विचारण्यालाही शिस्त हवी. "माझा प्रोग्राम चालत नाही, काय करू?" या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच म्हणण्यासारखे ते आहे. त्याऐवजी असे विचारावे : "६२ आणि ६३ या दोन गुणांची सरासरी काढीत आहे. ६२.५ यावयास हवे, येते ६२. भागाकाराची ओळ ही अशी आहे." यात काय करावयाचे होते, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, हे सर्व आले. उत्तरही दोन शब्दांत मिळते : सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर अपूर्णांक गळून जातो, एका संख्येला दशांशाचे रूप द्यावे. यंत्राने दाखविलेला इशारा आपल्या शब्दांत सांगू नये, जसाच्या तसा उतरवावा. आणि दोनशे ओळी पुढे टाकण्यापेक्षा, जेवढ्या ओळींत चूक पुन्हा घडते तेवढ्याच ठेवाव्या. असे करता करता निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते. प्रश्न नीट मांडणे हाच अभ्यासाचा मोठा भाग आहे.

उत्तर देणाऱ्याचाही धर्म आहे. त्याने विद्यार्थ्याच्या हातातील कळफलक ओढून घेऊ नये. तयार उत्तर दिले तर आजचे काम भागते, उद्याचे अडते. "ही ओळ काय करील असे तुला वाटते?" एवढे विचारावे आणि थांबावे. आता माणसाप्रमाणे बोलणारी यंत्रेही क्षणात उत्तर देतात. इंग्रजी इशाऱ्याचा अर्थ मराठीत समजून घेण्यास ती उपयोगी आहेत. न हसता पुन्हा पुन्हा सांगतात, हा त्यांचा गुण. पण ती चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. सी भाषेत चूक गुपचूप दडून बसते, तेव्हा जी ओळ आपणांस समजावून सांगता येत नाही ती आपली म्हणू नये.

मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने छोटे बोलके पाठ तयार केले आहेत. त्यांत सी भाषा आहे आणि निवेदन मराठीतही आहे. पाठ पाहत शेजारीच स्वतः करून पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत. आमची सूचना एवढीच, की गावातील एका शाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ दोन संगणक मांडावेत. नांदेडला शिकणारा थोरला भाऊ किंवा ताई सुटीत आली की तिने तेथे बसावे, धाकट्यांनी आपले प्रश्न वहीत लिहून आणावेत आणि उत्तर मिळाले की तेही त्याच वहीत उतरवावे. वर्षभरात ती वही पुढच्या मुलांचे मराठी पाठ्यपुस्तक होईल. याला खर्च थोडा लागेल. तेथे आलेल्या कोणाही मुलाला "एवढेही येत नाही?" असे कोणी म्हणणार नाही, एवढी हमी मात्र गावाने द्यावी.

 आता आपले प्रश्न यावेत.