तेवढं पुसून घे

(बारामती एमआयडीसी परिसरातल्या घरकामगार आणि बांधकाम मजूर बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी अशा एका कामाबद्दल बोलणार आहे, ज्याला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. जळोची, रुई, तांदुळवाडी या बाजूंना किती घरं उठली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. ज्यांची आधीची आहेत ते आता फरशी बदलतात, ओट्याला ग्रॅनाइट बसवतात, छताला पीओपी करतात. मिस्त्री, फरशीवाला, रंगारी आपापला हिशेब घेऊन जातात. मागे राहतो राडा. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली असते. मग हाक जाते ती रोजच्या भांडीवाल्या बाईला, नाहीतर साइटवरच्या बिगारी बाईला : "तेवढं पुसून घे गं."

हे 'तेवढं' म्हणजे किती, ते ज्या करतात त्यांनाच ठाऊक. फरशीवरचे पुट्टीचे आणि रंगाचे थेंब पत्तीनं खरवडायचे. खिडक्यांच्या खाचांत घट्ट झालेलं सिमेंट टोकरून काढायचं. कपाटांच्या आतून, पंख्यांच्या पात्यांवरून, दारांच्या चौकटीवरून पुसायचं. संध्याकाळी लादी चकाचक करून जावं, तर सकाळी पुन्हा पांढरा थर. मालकीण म्हणते, "काल नीट पुसलं नव्हतंस का?"

मीही तशीच मालकीण होते, हे आधी कबूल करते. माझ्या न्हाणीघराची फरशी काढली तेव्हा कामाला येणाऱ्या ताईंना मी हेच शब्द बोलले. त्यांनी तीन दिवस घर धुतलं. नंतर कितीतरी दिवस त्या खोकत होत्या. मी त्यांना एक साडी दिली आणि मनात स्वतःवर खूष झाले. त्या तीन दिवसांचा रोज किती होतो, हा हिशेब मी मांडलाच नाही. व्यासपीठावरून समान वेतनावर बोलणारी बाई मी!

तो खोकला कशाचा, ते समजून घेऊ. वाळू, सिमेंट-काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल्स यांत सिलिका असते. कटर मशीननं कापताना किंवा भिंत घासताना तिची इतकी बारीक धूळ होते, की ती डोळ्याला दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहते. रात्रभरात ती खाली बसते, म्हणून सकाळचा तो थर. त्यात तुमची काही चूक नाही. कोरडा झाडू मारला की ती पुन्हा उडते आणि थेट फुफ्फुसात खोल जाते. वर्षानुवर्षं असं झालं तर सिलिकोसिस होतो. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबीही लवकर धरतो. पुष्कळदा तर टीबीच समजून औषधं चालतात. तेव्हा डॉक्टरकडे गेलात तर "मी बांधकामाची धूळ काढते" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

म्हणून कोरडं झाडायचंच नाही. आधी दारं-खिडक्या उघडा, पाणी शिंपडा, ओल्या फडक्यानं छताकडून खाली पुसत या. तोंडाला पदर बांधून ही बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. तो आणि रबरी हातमोजे काम देणाऱ्यानं द्यायचे. सिमेंटचे डाग काढायला बाटलीतलं अ‍ॅसिड देतात. त्यानं हात भाजतात, वाफेनं छाती भरते. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

आता पैशाचं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात त्यांचं कल्याणकारी मंडळ २०११ साली आलं. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार म्हणतो, "ही तर झाडूवाली, हिला कसला दाखला?" घरकामगारांसाठी २००८ चा वेगळा कायदा आहे, पण मालकीण म्हणते हे रोजच्या कामातलंच. म्हणजे धूळ बांधकामाची आणि हिशेब झाडूपोछ्याचा. त्यात नवी सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. स्वतःच्या राहत्या घराचं ५० लाखांपर्यंतचं काम तिनं बांधकामाच्या व्याख्येतून बाहेरच ठेवलंय. आपलं बहुतेक काम नेमकं अशाच घरांत असतं. हे बदलून मागावं लागेल, आणि ते एकटीदुकटीचं काम नाही.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याआधी पगारवाढ मागणं म्हणजे उद्धटपणा समजला जायचा. आपणही एक साधी गोष्ट ठरवू शकतो. बांधकामानंतरची सफाई हे वेगळं काम, रोज वेगळा, आणि तो आधी ठरलेला. एकीनं नाही म्हटलं की दुसरीनं तिथं कमी पैशात जायचं नाही. हे कठीण आहे, मला कल्पना आहे. जिरायती गावांतून पहाटे टेम्पोत बसून आलेली बाई आल्या पावली परत जायला तयार नसते.

तर पुढच्या बैठकीला येताना एक वही आणा. कोणत्या तारखेला, कोणाच्या साइटवर, काय काम केलं आणि काय हातात पडलं, एवढंच लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं मुलीकडून लिहून घ्यावं. ९० दिवस कसे मोजायचे ते आपण त्या वह्या समोर ठेवूनच बघू.