पास किती गुणांना, हे आधी सांगा

(पेण आणि रोहे येथील व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान, पेणच्या सभेतील शब्दांकन)

मंडळी, आमंत्रणपत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय: 'संशोधनाची फेरतपासणी आणि संख्याशास्त्र'. काल रोह्यात तो फलकावर वाचून काही जण दारातूनच परत फिरले. (हशा) माझं म्हणणं तसं थोडक्यात आहे. प्रयोग करायचाय ना? मग नमुने किती घेणार आणि पास किती गुणांना, हे आधी कागदावर लिहा आणि तो कागद तिऱ्हाइताकडे द्या. मग तुमचा निकाल मी ऐकतो.

सरासरी, प्रमाण विचलन तुम्ही कॉलेजात केलंय, ते सोडतो. चिंतामणराव देशमुख तर रोहेकरांचेच. ते 1945 ते 1964 इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते, हे या जिल्ह्यात येऊन मी काय सांगू? 2015 साली 'सायन्स'मध्ये मानसशास्त्राचे 100 प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला, तोही वर्तमानपत्रांतून गाजला. मुळात जवळजवळ सगळेच 'सिद्ध' झाले होते. दुसऱ्यांदा टिकले छत्तीस टक्के. यात लबाड थोडे होते. नमुने कमी घ्यायचे, जो आकडा बरा दिसेल तो छापायचा, बाकीचे खणात ठेवायचे. एवढ्यानं काम होतं.

पण 'पुन्हा करा' म्हटलं की सगळं निभावलं, असं समजू नका. पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिलाय. भाऊसाहेब येतात, शेतात दोरी लावतात, आतलं भात कापून, झोडून तोलतात. आता दोरीवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर? लोंब्या भरलेल्या असल्या की हात आपोआप आत वळतो. कापणारा प्रामाणिक असला तरी वळतो! संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात छोटी छोटी वर्तुळं कापून उत्पन्नाचा अंदाज बांधला. आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडचे, बुधचे, ते म्हणाले, तुकडा लहान तेवढी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, म्हणजे उतारा फुगणारच. मोठे तुकडे कापून त्यांनी ते दाखवून दिलं. वाद चांगलाच पेटला, दोघंही मोठी माणसं. आता बघा, छोटा तुकडा तुम्ही हजार शेतांत कापला तर काय होईल? हजार वेळा तीच चूक होईल, सरासरी अगदी पक्की दिसेल, आणि तरीही चढीच राहील. तुम्ही पेणकर, तुम्हाला सांगायला नको: साच्यातच नाक वाकडं असलं तर मूर्ती कितीही काढा.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो. भातात अर्धा तास गेला. मुख्य गोष्ट तर राहिलीच!

2008 साली पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः पत्रिका मांडणारे, हे ध्यानात घ्या. नारळीकर आणि दाभोलकर आज आपल्यात नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांत फिरले. शंभर हुशार मुलं, शंभर विशेष शाळांतली, त्या वेळच्या भाषेत मतिमंद. पालकांकडून जन्मवेळा आणल्या, पत्रिका मांडल्या आणि त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका: हुशार कोण, मतिमंद कोण, एवढंच सांगा. आणि पास कितीला? 28 बरोबर आले तर. हे आधी ठरलं होतं. नुसत्या अंदाजाने 28 येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते.

51 जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली 27 जणांची. सरासरी यश 46 टक्के. सर्वांत वरचा आकडा 24. आता हा 24 वाला एकटाच पेपरात आला असता तर? 'साठ टक्के अचूक!' उद्या त्याच्या दारात रांग लागली असती. पण 27 माणसांनी डोळे मिटून नाणी उडवली असती तरी तीन-चार जणांना 24 किंवा जास्त मिळाले असते. इथे मिळाले एकाला. 'करंट सायन्स'मध्ये 2009 साली हे सगळं छापून आलंय.

(तिसऱ्या रांगेतून: "म्हणजे तुम्ही सगळ्यांना खोटं ठरवलंत!") काका, थांबा. उलट तुमची बाजू मीच मांडतो. खरोखर साठ टक्के कळणारा ज्योतिषी असेल, तर 40 पत्रिकांत 28 तो आठांतून एकदाच गाठील. बाकी सात वेळा, कळत असूनही, नापास! एकेकट्याला पारखायला 40 कमीच. (टाळ्या) टाळ्या घाईने वाजवल्यात. एका ज्योतिषसंस्थेनं सगळ्या 200 पत्रिका घेतल्या. तितक्यांवर तोच माणूस दहांतून सातेक वेळा पास झाला असता. संस्थेचे बरोबर आले 102. पास व्हायला शंभराच्या वर सतरा तरी हवे होते.

(पुन्हा प्रश्न: "मग 46 म्हणजे नाण्याहूनही कमी. उलटं वाचलं तर?") वा! हा प्रश्न रोह्यात कुणी विचारला नाही. 27 जणांची मिळून हजारावर उत्तरं होतात, त्यात चार टक्क्यांची तूट तशी लहान नाही. पण त्याच 200 पत्रिका हातोहात फिरल्या होत्या, तेव्हा ती उत्तरं एकमेकांपासून सुटी नाहीत. आणि 'ज्योतिषी मुद्दाम चुकतात का' हा प्रश्न चाचणीआधी कुणी लिहिलाच नव्हता. आकडा बघून तो आत्ता सुचला. त्याच मुलांच्या पत्रिका संस्थेपुढे गेल्या तेव्हा तूट दिसलीही नाही. तरी तुमचा आग्रह असेल तर नव्या 200 पत्रिका जमवा. 'उलटं वाचून इतके बरोबर येतील' असा आकडा आजच लिहून अध्यक्षांच्या हाती द्या.

(अध्यक्ष: "माझ्याकडे नको, मला ज्योतिषाचा अनुभव चांगला आहे!" मोठा हशा) मग बँकेच्या मॅनेजरकडे द्या. आणि विशेष शाळांत पालकांकडे जन्मवेळ विचारायला जाताना नीट परवानगी घेऊन जा. बरेचदा आईलाच वेळ पक्की ठाऊक नसते. ज्यांची वेळ दाखल्यावर नाही त्यांना घ्यायचं की गाळायचं, तेही त्याच कागदावर लिहा.