जांबोटीच्या आकाशातून १९६१ : एका नकाशाची पूर्वतयारी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेत संगणकावरील विमानोड्डाणाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या नकाशाविषयी मला बोलावयाचे आहे, तो ग्रंथालयावाचून पुरा होऊ शकत नाही. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

जमिनीवर बसून विमान चालविल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रणेस फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. एडविन लिंक यांनी १९२९ साली अमेरिकेत वैमानिकांच्या शिक्षणासाठी असे यंत्र सिद्ध केले. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा अनुभव घरगुती संगणकावर आणला. आज उपग्रहचित्रांच्या आधारे आपले गावही त्यात वरून पाहता येते. मात्र ते गाव आजचे असते. गतकाळातील एखादा दिवस उभा करावयाचा झाल्यास नकाशा स्वतःच रचावा लागतो.

आपल्या भागापुरता असा दिवस कोणता? सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत तेथूनच हंटर विमाने झेपावली. बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र सहा हंटर विमानांनी उद्ध्वस्त केले. दाभोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बॉम्बफेक केली. सांबऱ्यापासून दाभोळीपर्यंत सरळ रेघ ओढल्यास ती सुमारे १०० किलोमीटर भरते आणि जांबोटीच्या परिसरावरून जाते. विमाने नेमकी याच रेघेवरून गेली, असा माझा दावा नाही. रेघ ही आपली सोय आहे, पुरावा नव्हे.

असा नकाशा करताना पहिले काम वजाबाकीचे. २०१७ साली उद्घाटन झालेली सांबऱ्याची नवी इमारत काढावयाची. धावपट्टी जुन्या लांबीवर आणावयाची. कणकुंबीजवळ कळसा नाल्यासाठी झालेले या शतकातील खोदकाम बुजवावयाचे. मांडवी आणि झुवारी या नद्यांवरील आजचे मोठे पूल, कोकण रेल्वे, मोपाचा विमानतळ हे सारे नाहीसे करावयाचे. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावकडे जाणारा लोहमार्ग मीटरगेज दाखवावयाचा.

काढून टाकणे सोपे. उघडी पडलेली जागा भरणे अवघड. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, सत्तरीत, अंजुणे धरणाचा जलाशय आहे. हे धरण १९८० च्या दशकातले. सिम्युलेटरांत भूमीची उंची बहुधा २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीवरून घेतात. त्या मोजणीस तेथे सपाट पाणी दिसले. पाण्याचा निळा रंग पुसला तरी खालचे खोरे परत येत नाही. तेथे एक खोटे मैदान उरते. खरे खोरे धरणापूर्वीच्या सर्वेक्षण नकाशांवरील समोच्च रेषांवरूनच पुन्हा घडवावे लागते.

रानाचीही तीच कथा. त्या रडारचे किरण दाट झाडीत जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत. जांबोटी-भीमगडच्या रानात मोजलेली उंची बरीचशी झाडांच्या शेंड्यांची असते. येथे चार-दोन पुरुष उंचीची चूकही क्षुल्लक नव्हे. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस कृष्णेकडे जाते आणि याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस समुद्राकडे वळते. पाणलोटाची धार जराशी सरकली, तर संगणक एकीचे पाणी दुसरीत सोडून मोकळा होईल.

मग नावे. १९६१ साली हा जिल्हा म्हैसूर राज्यात होता. १९५६ पूर्वी तो मुंबई राज्यात होता. कर्नाटक हे नाव १९७३ चे, बेळगावी हे अधिकृत रूप २०१४ चे. आपली आजची भावना कोणतीही असो, नकाशावर त्या दिवशीचेच नाव हवे. गावकऱ्यांच्या तोंडचे मराठी, कन्नड वा कोकणी नाव शेजारी जरूर द्यावे. पण एक पुसून दुसरे लिहू नये.

श्रोतेहो, एवढा खटाटोप कशासाठी? अशा नकाशांत सारे कष्ट दोन टोकांवर खर्च होतात. धावपट्टी हुबेहूब, लक्ष्य हुबेहूब. मधली भूमी मात्र संगणक ठोकळेबाज झाडीने भरून टाकतो. त्या मधल्या भूमीतच जांबोटी आहे, कणकुंबी आहे, कौलारू घरे, कापणी झालेली भाताची खाचरे आणि देवराया आहेत. पुस्तकातील विधान वाचक दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहतो. डोळ्यांसमोरून सरकलेल्या दृश्याविषयी सहसा शंका घेत नाही. ज्या मुलाने १९६१ ची जांबोटी ओसाड रान म्हणून पाहिली, त्याच्या लेखी ती ओसाडच राहील. म्हणून असल्या नकाशाची कसोटी दाभोळीस नव्हे, जांबोटीस लागते.

या कसोटीस उतरण्याची साधने आपल्या कपाटांत आहेत. १८८४ चा बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटियर, १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे ही सारी एकत्र मांडावीत. त्याहून निकडीचे काम वृद्धांचे. त्या डिसेंबरात दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरीपलीकडे आहे. घाटाची वाट कोठून होती, कोणता माळ उघडा होता, कोणत्या वाडीत किती चुली होत्या, हे त्यांना आज विचारले पाहिजे. उत्तर सांगणाऱ्याच्या नावानिशी व तारखेनिशी लिहून येथे ठेवावे. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही ठेवावीत.

शताब्दीच्या निमित्ताने सभासदांनी एवढे मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.