भाड्याची जागा आणि शेजार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. मुंबईत घर बांधण्याची ऐपत आता कितीजणांची आहे? तेव्हा आम्ही म्हणतो, घर पाहावे भाड्याने घेऊन! आपले मंडळ गुणी विद्यार्थ्यांचा दरसाल गौरव करते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु तोच विद्यार्थी पुढे नोकरीनिमित्त मुंबईस आला म्हणजे त्याने राहावे कोठे, याचा विचार येथे क्वचितच होतो. तो आज करावा, अशी आमची विनंती आहे.

आपली मागची पिढी मुंबईस आली तेव्हा तिला आसरा दिला तो गावाने व ज्ञातीने. कोकणातील गावकऱ्यांनी लालबाग-परळ भागात सामाईक खोल्या घेतल्या आणि गिरणीतील पाळ्यांप्रमाणे माणसे तेथे आळीपाळीने निजली. धोबीतलावाकडे गोव्यातील गावांचे ‘कूड’ होते; बोटीवर जाणाऱ्या ख्रिस्ती खलाशास तेथे थोडक्या पैशांत पथारी मिळे. पारशी समाजाने आपल्या लोकांसाठी वसाहती उभारल्या. परक्या शहरात आपल्या माणसाला हात देण्याची ती रीत होती, आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत.

तथापि मुंबईकर घडला तो केवळ ज्ञातीच्या छपराखाली नव्हे. आमचे आयुष्य गिरगावात भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याच गिरगावात खोताच्या वाडीतील ख्रिस्ती लोकांची लाकडी घरे आहेत, फणसवाडीत दाक्षिणात्य पद्धतीचे व्यंकटेशाचे मंदिर आहे, आणि थोडे चालले की सी. पी. टँकची गुजराती वस्ती लागते. आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब व एक मंगळूरकडचे कुटुंब होते. तळमजल्यावर ख्रिस्ती शिंपी राहत. आमच्या कन्येच्या जन्माच्या रात्री टॅक्सी आणली ती त्या शिंप्यांनी. ज्ञातिबांधवांचा स्नेह कमी नव्हता. पण ते दादरला होते, आणि त्यांना निरोप पोहोचेपर्यंत कन्या जन्मास आली होती. अडीअडचणीच्या वेळी जो जवळ असतो तोच सोयरा, हे चाळीने आम्हांस शिकविले.

अशा स्वस्त जागा आज का मिळत नाहीत? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. त्यामुळे गरीब भाडेकरू बचावला. परंतु दुरुस्तीलाही पुरेल एवढे भाडे येईनासे झाले, भाड्याकरिता नव्या चाळी बांधणे मालकांनी सोडून दिले, आणि पागडी बोकाळली. पुढे महाराष्ट्राचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. आज नवख्या माणसाला बहुधा ठराविक मुदतीच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावरच जागा मिळते.

म्हणून तरुणांना चार गोष्टी सांगतो. पहिली, करार लेखी व नोंदलेला असावा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. 1999 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी आवश्यक असून तिची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांकशुल्क एकूण भाड्याच्या शेकडा पाव, व अनामत रकमेच्या दसादशे दहा दराने धरलेल्या व्याजावरही तितकेच. तेव्हा खर्चाची सबब सांगण्यात अर्थ नाही. दुसरी, भाड्याची पावती मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे. तिसरी, मुदत संपताच जागा सोडावी. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरण्याची पाळी येते. चौथी, केवळ भाडे पाहू नये. पाणी किती वेळ येते आणि स्टेशनपर्यंत रोजचा खर्च किती, हेही त्यात मिळवावे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास उपनगरात जागा पसंत पडली, भाडे व अनामत ठरली. मग मालकाने आडनाव विचारले, घरात काय शिजते ते विचारले, आणि जागा एकाएकी ‘दुसऱ्यास दिलेली’ निघाली. हे ऐकून आपणांस संताप येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी ज्यांचे रिकामे फ्लॅट आहेत त्यांच्या जाहिराती आम्ही पाहतो. ‘फक्त आपल्या ज्ञातीस’ हे शब्द त्यांतही असतात! अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद पारशीच असावा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ग्राह्य धरला, हे खरे. पण कायदा ज्याला आडकाठी करीत नाही ते सर्व शोभून दिसते, असे नव्हे.

शिवाय साधा हिशेब करावा. प्रत्येक समाजाने आपापली दारे लावून घेतली, तर ज्याची घरे सर्वांत थोडी त्याच समाजाची मुले सर्वांत आधी रस्त्यावर राहतील. आपण संख्येने मोठे नाही. दुसऱ्यांची दारे उघडी राहण्यातच आपल्या मुलांचे हित आहे. आणि ती उघडी राहावीत असे म्हणण्याचा अधिकार, आपले दार उघडे ठेवील त्यालाच आहे.

काही वडीलधारी म्हणतील, मिश्र वस्तीत मुलांचे संस्कार जातात. संस्कार इतके नाजूक असतील की शेजाऱ्याच्या फोडणीच्या वासाने उडून जावेत, तर तो दोष शेजाऱ्याचा खचित नव्हे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमच्या दोन सूचना आहेत. रिकाम्या जागांची एक वही मंडळाच्या कचेरीत ठेवावी, आणि तीत नोंद करणाऱ्या सभासदाने भाडेकरूचा व्यवसाय, ऐपत व कागदपत्रे पाहावीत. जात व चूल पाहू नये. दुसरी, नोकरीस नव्याने लागलेल्या आपल्या मुलामुलींना अनामतीपुरते बिनव्याजी कर्ज द्यावे, मग त्यांनी जागा कोणत्याही वस्तीत घेवो. पूर्वी ज्ञातीने खोली दिली. आता तिने शहराचे दार उघडून द्यावे.